निवांतच्या माच्याखाली

"तेल सांडलं तर सांडलं, त्यात एवढं बोंबलायला काय झालं?" थोरला तळ्याच्या काठावरून म्हणाला. हातात पाना, पायाशी कलंडलेला डबा, आणि डब्यातलं, पंपातून काढलेलं काळं जळकं तेल पाण्यावर ऐसपैस पसरत चाललेलं. थोरला धापा टाकत, अडखळत बोले आणि एकदा सुरू झाला की बंद होत नसे, म्हणून गाव त्याला इंजिन म्हणायचं. पाण्याच्या पंपावर त्याचा बायकोपेक्षा जास्त जीव.

त्याच्या धाकट्या भावाची बायको, धाकटी, कमरेवर हात ठेवून उभी होती. हे तळं म्हणजे घरचाच एक पडीक खड्डा. थोरल्याला तो बुजवून पंपासाठी शेड हवी होती, धाकटीला त्यात मासे वाढवायचे होते. दोघांच्या कटकटीला कंटाळून सासूनं तोड काढली होती. धाकटीनं तळ्यात जिरं सोडावं, म्हणजे जिऱ्याच्या दाण्याएवढी माशांची पिल्लं. हंगामाअखेर ती बोटाएवढी झाली तर तळं धाकटीचं, नाहीतर खड्डा थोरल्याचा. जिरं नुकतंच सोडून झालं होतं.

"दादा, तुम्ही मुद्दाम सांडलंत."

"मुद्दाम सांडायला तेल फुकट येतं का?"

"जळकं फुकटच असतं."

थोरला पाना पुसत पंपाकडे निघाला.

नंतर बरेच दिवस आभाळ भरून होतं. थोरला रोज सकाळी दात घासत तळ्यावर यायचा. "मेलं का एखादं?" धाकटी नाही म्हणाली की तेलावरचा आळ टळला म्हणून खूश व्हायचा. "बघ. तेल प्यायलेत, आता पंपासारखे पळतील."

पळत मात्र नव्हते. जिरं सुस्तावलं होतं. धाकटीला वाटलं, ऊन नाही म्हणून असेल. आपली पोरं तान्ही असताना तिनं त्यांना सकाळच्या उन्हात धरलं होतं, तसंच हे. आभाळ उघडलं त्या सकाळी ती कमरेएवढ्या पाण्यात उतरली आणि वर तरंगणारं शेवाळ हातांनी ओढून काठावर टाकलं. अख्खं तळं उघडं केलं. एक कोपरा तेवढा राहिला, कारण तिथं पाण्यावर बांबूचा माचा होता, माच्यावर फाटक्या ताडपत्रीचं छप्पर होतं आणि छपराखाली तिचा नवरा झोपला होता. त्याला गाव निवांत म्हणे. तळ्याची राखण त्याच्याकडे होती, आणि ती तो डोळे मिटून करी.

"अहो, उठा. तुमच्या खालचं शेवाळ राहिलंय."

"राहू दे," निवांत कूस बदलत म्हणाला. "सगळ्यांनाच ऊन सोसत नाही."

दुपारी धाकटी भाकरी घेऊन आली तर पाणी पांढरं दिसत होतं. जिरं पोट वर करून तरंगत होतं, या काठापासून त्या काठापर्यंत. ती तिथंच चिखलात बसली आणि ढसाढसा रडली.

थोरला आलाच. "तेलानं नाही मेलं हं. इतके दिवस तेलातच होतं की. उन्हानं मेलं. आणि ऊन कुणी दाखवलं?"

धाकटीला ते खरं वाटलं, म्हणूनच जास्त लागलं. आपल्याच हातांनी मारली, असं म्हणत ती जिरं जिथून आणलं होतं त्या मासळी खात्याच्या बाईंकडे गेली. बाई स्कूटरवरून आल्या, पाण्यावरचा तवंग बघितला, एक मेलेलं पिल्लू तळहातावर घेतलं.

"हे बघा, याच्या अंगातून माझ्या हाताच्या रेषा दिसतात. इतकं कोवळं अंग. तेल त्यात मुरलं होतं. वरून ऊन थेट आत शिरलं आणि त्या तेलाचं जहर झालं. ढगाळ होतं तोवर निभावलं."

"म्हणजे चूक उन्हाची," थोरला म्हणाला.

"ऊन रोजचंच आहे. डबा कुणाचा?"

तेवढ्यात माच्यावरून निवांत ओरडला, "अगं, पायाला गुदगुल्या कोण करतंय?"

त्याचा एक पाय माच्यावरून खाली पाण्यात लोंबत होता. धाकटीनं वाकून बघितलं. शेवाळाच्या सावलीत मूठभर जिरं निवांतच्या टाचेचा मळ खात होतं. लग्न झाल्यापासून नवऱ्याच्या आळसाचं तिला पहिल्यांदाच कौतुक वाटलं.

बाईंनी सांगितल्याप्रमाणे तवंग पोत्यांनी टिपून काढला, पाणी बदललं. मग घरातल्या चादरी, गोधड्या, पोती, जे मिळेल ते बांबूंवर ताणून तळ्यावर सावली केली. तरी मधे भोक उरलं. सासूनं थोरल्याच्या पंपावरची नवी कोरी ताडपत्री ओढून आणली.

"आई, पंप भिजेल."

"भिजू दे. त्याला जीव नाही."

शेवटी धाकटीनं निवांतच्या तोंडावरची चादरही काढली. "अगं, ऊन लागतंय," तो कुरकुरला.

"लागू दे. तुमच्या अंगातून काही आरपार दिसत नाही."

हंगाम सरला. धाकटीनं घमेल्यात पाणी घेऊन वाचलेले मासे सासूपुढे ठेवले. थोरल्यानं आपलं जाडजूड मधलं बोट पाण्यात घातलं. "भरत नाही. आणि उरले किती? मूठभर."

"किती, ते कुठं ठरलं होतं?" सासू म्हणाली. तिनं आपली वाकडी करंगळी एका माशाशेजारी धरली. मासा करंगळीपेक्षा नखभर जास्तच भरला. "झालं. तळं धाकटीचं."

"करंगळी कशी चालेल? बोट धर की नीट."

"हीच धरून चालायला शिकलास," सासू म्हणाली, "तेव्हा नाही म्हणालास, नीट बोट दे म्हणून."