गाळलेला ‘म्हणे’

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. खिडकीजवळच्या कपाटात, शब्दकोशांच्या वरच्या फळीवर माझी जागा आहे. माझ्याविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे, तो आधी दूर करतो. टेप खोटे बोलत नाही, असे लोक सांगतात. टेप खरेही बोलत नाही. समोरचा जे बोलेल ते मी फितीवर उतरवून घेतो आणि बटण दाबाल तेव्हा परत ऐकवतो. बोलणारा खरे बोलत होता की नाही हे मला कळत नाही, आणि कळते असा आव मी कधी आणलेला नाही. एवढे ध्यानात ठेवलेत तर पुढची हकिकत समजायला सोपी जाईल.

माझा जन्म कारखान्यातला. एका लांब टेबलावर माझे भाग जोडले गेले: फीत फिरवणारी दोन चाके, एक मोटर, मोटरीची गती चाकांना पोचवणारा रबरी पट्टा आणि फितीवरचा आवाज वाचणारे लहानसे ‘हेड’. टेबलाच्या टोकाला तपासनीस बाई बसत. प्रत्येक नव्या यंत्रात त्या एकच वाक्य बोलत: “आज हवा छान आहे.” त्या दालनाला खिडकी नव्हती. मी ते वाक्य जसेच्या तसे ऐकवले आणि माझ्या पाठीवर ‘उत्तीर्ण’ असा शिक्का बसला. तात्पर्य, माझ्या आयुष्यातले पहिलेच विधान पुराव्याशिवाय केलेले होते, आणि ते बिनचूक परत म्हटल्याबद्दल मला शाबासकी मिळाली.

मला विकत घेतले ते एका पत्रकार बाईंनी. ज्यांचे नाव निघताच जेवणाच्या टेबलावर दोन तट पडतात, अशा माणसांची चरित्रे लिहिणे हे त्यांचे काम. कचेरीत त्यांना माघारी ‘उकरणाऱ्या बाई’ म्हणत. तोंडावर म्हटले असते तरी त्यांना चालले असते. सुरुवातीच्या एका लेखानंतर एका पुढाऱ्याने ‘मी असं बोललोच नाही’ म्हणून कानांवर हात ठेवले. तेव्हा संपादक त्यांना म्हणाले होते, “बाई, तुमच्या टिपणांवर माझा पूर्ण विश्वास आहे. अडचण एवढीच, की न्यायाधीश माझे मेहुणे नाहीत.” दुसऱ्याच दिवशी बाई दुकानात आल्या आणि मी त्यांच्या पिशवीत बसून घरी गेलो.

बाईंची एक शिस्त होती. मला लपवून त्यांनी कधीच चालू केले नाही. टेबलाच्या मधोमध, लाल दिवा समोरच्याला दिसेल असा त्या मला ठेवत आणि विचारत, “चालू करू?” माणसे आधी माझ्याकडे बघूनच बोलत, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे असल्यासारखी. मग हळूहळू मला विसरत, आणि खरे बोलणे तिथून सुरू होई. चुकलो; सहज बोलणे तिथून सुरू होई.

ती माझ्या उमेदीची वर्षे. संप मोडणारा कामगार पुढारी माझ्यासमोर बसला. पदक परत करावे लागलेली धावपटू बसली. नुसत्या पाण्याने दुखणी घालवणारा एक वैद्य बसला आणि बऱ्या झालेल्यांची नावे भराभरा सांगू लागला. बाईंनी ती सगळी ऐकून घेतली आणि विचारले, “आणि बरे न झालेले कुठे भेटतील?” त्यानंतर फितीवर बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज आहे. तोही मी सांभाळून ठेवला आहे.

माझ्यातले बोलणे कागदावर उतरवण्याचे काम बाईंच्या धाकट्या दिरांकडे होते. ते त्याच वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होते. छापण्यापूर्वी चुका काढण्याची त्यांना इतकी सवय, की लग्नाच्या आमंत्रणावरही लाल पेन चाले. बाई त्यांना भाऊजी म्हणत, म्हणून मीही भाऊजीच म्हणतो. कानाला माझी ऐकण्याची नळी लावून ते टंकलेखन करत. माणूस बोलताना जे ‘म्हणजे’, ‘बघा’, ‘काय आहे’, ‘की नाही’ पेरत जातो, ते त्यांनी गाळायचे, असे ठरलेले होते. या कामाला त्या घरात ‘तण काढणे’ म्हणत.

“वहिनी, या पुढारीबुवांच्या शेतात नुसतं तणच आहे,” एकदा भाऊजी म्हणाले. “काढायला गेलो तर कागद कोरा राहतो.”

“थोडं राहू द्या. ओळखीपुरतं.”

पुस्तके निघाली. बक्षिसे मिळाली. एका समारंभात बाईंनी मला व्यासपीठावरच्या टेबलावर शेजारी ठेवून घेतले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यातल्या काही माझ्यासाठी होत्या असे मी धरून चालतो. घरी मात्र दूरध्वनीवर दोन्ही पक्षांचे लोक सारख्याच जोराने ओरडत.

“संपवाले म्हणतात, तुम्ही मालकाला फितूर. मालक म्हणतो, संपवाल्यांना,” भाऊजी खुशीत म्हणाले. “दोन्हीकडून शिव्या पडतात, म्हणजे काटा बरोबर मध्ये आहे, वहिनी.”

“मोडलेला काटाही मध्येच उभा राहतो, भाऊजी.”

आता ज्या पुस्तकाने माझे भवितव्य ठरवले त्याच्याकडे येतो. ते एका अभियंत्याचे चरित्र होते. पुराच्या दिवशी त्यांनी धरणाचे दरवाजे उघडले. धरण वाचले आणि खालची वस्ती पाण्यात गेली. माणसे दगावली. दरवाजे उघडण्याआधी वाजायला हवा होता तो भोंगा वाजलाच नाही. चौकशी झाली, पण तो का वाजला नाही ते ठरले नाही. लोकांनी मात्र ठरवून टाकले आणि त्यांना ‘भोंगेसाहेब’ असे नाव दिले. वरून हुकूम आला म्हणून त्यांनी मुद्दाम भोंगा अडवला, असे निम्मे शहर मानत होते. साहेब स्वतः कोणाशीच बोलत नसत. बाईंना त्यांनी निरोप पाठवला होता: ‘बोललो तर सारवासारव म्हणाल.’

धरणावरचा एक पहारेकरी मात्र बोलला. आपल्या घराच्या पायरीवर बसून, हातातल्या गरम चहावर फुंकर घालत तो बाईंशी बोलला आणि मी ते टिपून घेतले. भाऊजींनी ते कागदावर उतरवले. ते माझे शेवटचे मोठे काम ठरले. पुस्तक पुराव्यांवाचून अडून राहिले, बाई दुसऱ्या कामांकडे वळल्या, आणि बोटाएवढे एक नवे यंत्र घरात आले. त्याला फीत लागत नाही. मला कपाटात ठेवताना बॅटऱ्या काढायचे कोणाला सुचले नाही. त्या आतल्या आत पाझरल्या. पहारेकरी वारला. मी धूळ खात राहिलो. याविषयी मला कडवटपणा नाही, मित्रांनो. गंज मात्र आहे.

काही वर्षांनी बाईंनी ते चरित्र पुन्हा हाती घेतले आणि पुरे केले. ते छपाईला जाणार, तेव्हा आणखी एक शिस्त पाळली गेली: ज्याच्यावर आरोप येतो त्याला ते पान आधी वाचायला पाठवायचे. पान गेले. उत्तर कागदावर आले नाही. एका सकाळी दारात एक मध्यमवयीन स्त्री उभी राहिली.

“मी भोंगेसाहेबांची मुलगी,” ती म्हणाली. “खरं नाव सांगितलं असतं तर ओळख पटायला वेळ लागला असता.”

बाईंनी तिला बसायला सांगितले. ती शाळेत विज्ञान शिकवत असे. तिने पर्समधून ते पान काढले आणि एका वाक्यावर बोट ठेवले. पहारेकऱ्याच्या तोंडचे वाक्य होते: ‘भोंगा वाजवू नका असं साहेबांनीच सांगितलं.’

“बाबांनी सांगितलं असेलही. मी त्यांची वकिली करायला आले नाही,” ती म्हणाली. “पण पहारेकरीकाका त्या दिवशी रजेवर होते. आमच्या छपराची गळती काढत होते. शिडी मी धरली होती. मग साहेब धरणावर काय बोलले, ते काकांनी कुठून ऐकलं?”

आतल्या खोलीतून भाऊजी बाहेर आले. “ती प्रत माझ्या हातची आहे, ताई. एक अक्षर पदरचं नाही.”

“पदरचं घातलं असं मी कुठे म्हणतेय?”

“टेप आहे,” बाई म्हणाल्या.

“मग ऐकू या की.”

मला खाली काढण्यात आले. पुसण्यात आले. बटण दाबले तेव्हा मोटर गुणगुणली, पण चाके हलली नाहीत. माझा पट्टा डांबरासारखा चिकट होऊन गेला होता. शेजाऱ्यांकडचे यंत्र आणून त्यात फीत घातली. पण फीत जास्त वेळ पुरावी म्हणून बाई मला निम्म्या गतीवर चालवत, आणि शेजाऱ्यांच्या यंत्राला एकच गती ठाऊक होती. कैलासवासी पहारेकरी चिमणीच्या आवाजात किलबिलला. कोणी हसले नाही. परिस्थिती अशी होती, की ते वाक्य उच्चारणारा माणूस जगात नव्हता, आणि त्याचा आवाज समजेल असा काढू शकणारा मी मुका होतो.

बाईंनी दूरध्वनीवरून प्रकाशकांना थांबायला सांगितले. पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. “कागद आलाय, बाई. छापखाना मोकळा आहे. एका वाक्यासाठी थांबू?”

“ते वाक्य काढलं तर प्रकरणच खाली बसतं.”

“मग काढू नका.”

“मी काढणार नाही. तपासणार आहे.”

दुरुस्तीच्या दुकानात माझा गंज खरवडला गेला, स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने हेड पुसले गेले आणि दुसऱ्या कुठल्याशा यंत्राचा पट्टा मला बसवण्यात आला. थोडा घट्ट आहे, पण चालतो. मी घरी आलो तेव्हा मुलीला बोलावून घेतले होते. तिघे टेबलाभोवती बसली. बाईंनी बटण दाबले.

पहारेकऱ्याचा आवाज आला. “भोंगा वाजवू नका असं साहेबांनीच सांगितलं.” मग चहावरची लांब फुंकर. आणि फुंकरीच्या शेपटाला, अर्धा वाऱ्यात गेलेला, एक शब्द.

“परत लावा,” मुलगी म्हणाली.

मी परत ऐकवले. फुंकर, आणि तिच्यामागून: “म्हणे.”

मित्रांनो, ‘म्हणे’ हा शब्द फार लहान आहे. पण तो वाक्याला चिकटला की बोलणारा साक्षीदार राहत नाही, निरोप्या होतो. पहारेकऱ्याने साहेबांना ऐकले नव्हते. साहेबांविषयी ऐकले होते, गावाने ऐकले तसेच.

भाऊजींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “‘म्हणजे’ म्हणता म्हणता थांबला, असं वाटलं मला. तण म्हणून काढला.” मग ते म्हणाले, “आयुष्यभर लोकांचे काने-मात्रे शोधले, वहिनी.”

“तुम्ही नळीतून ऐकलंत. मी समोर बसले होते,” बाई म्हणाल्या. “मला हवं होतं तिथपर्यंत ऐकलं आणि पुढचा प्रश्न विचारला. तोही आहे बघा टेपवर.”

होता. शब्द पुरता हवेत विरण्याआधीच बाईंचा पुढचा प्रश्न सुरू झालेला होता.

“म्हणजे बाबांनी तसं सांगितलं नव्हतं?” मुलीने विचारले. इतका वेळ तिने आवाज सपाट ठेवला होता. आता तो तसा राहिला नाही.

“तसं नाही म्हणता येणार. म्हणजे आपल्याला माहीत नाही.”

“मला शाळेत मुलं भोंगेबाई म्हणतात. त्यांना मी हे सांगू? माहीत नाही म्हणून?”

“त्यांना विज्ञान शिकवता ना?” बाई म्हणाल्या. “सांगा.”

प्रकरण नव्याने लिहिले गेले. वाक्य राहिले, त्याच्या शेवटी ‘म्हणे’ बसला, आणि पहारेकरी त्या दिवशी कुठे होता तेही आले. प्रकरण उभे राहिले नाही, बसलेच. बाईंनी ते बसू दिले. भाऊजींनी मग माझ्या साऱ्या जुन्या फिती पुन्हा ऐकायला घेतल्या. मधूनच त्यांची हाक येई, “वहिनी, हा पुढारी आपण समजत होतो त्यापेक्षा चाचरतोय हो.”

छपाई सुरू होण्याआधी मुलीचा दूरध्वनी आला. नवे पान साहेबांनी वाचले होते. त्यांनी एवढेच विचारले होते, ते यंत्र अजून चालते का.

ते आले. उंच, वाकलेले गृहस्थ; मुलीचा हात न धरता पायऱ्या चढले. माझ्यासमोर बसले. इतरांसारखे त्यांनीही आधी माझ्याकडेच पाहिले.

“चालू करू?” बाईंनी विचारले.

“एका शब्दासाठी तुम्ही पुस्तक थांबवलंत, असं ही म्हणाली. माझेही शब्द जागच्या जागी राहतील?”

“राहतील,” दारातून भाऊजी म्हणाले. “मी हल्ली तण काढत नाही.”

लाल दिवा लागला.

“भोंगा वाजवू नका, असं मी सांगितलं नाही,” साहेब म्हणाले. “वाजवा, असंही सांगितलं नाही. पाणी चढत होतं. मी पातळीकडे बघत होतो. भोंगा मला आठवलाच नाही. लोक समजतात मी तो मुद्दाम अडवला. तो आरोप ऐकून घेणं मला सोपं वाटत आलं. विसरलो म्हणण्यापेक्षा सोपं.”

बाईंनी या वेळी पुढचा प्रश्न घाईने विचारला नाही. मुलीने पाण्याचा पेला वडिलांच्या हाताजवळ सरकवला. तो सरकल्याचा आवाज फितीवर आहे.

साहेब खरे बोलले का? मला विचारू नका. बाईंनाही कोणी विचारले की त्या म्हणतात, त्यांनी असं सांगितलं, एवढं मी सांगू शकते.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादे जुने यंत्र असेल तर त्यातल्या बॅटऱ्या आज काढून ठेवा, आणि महिन्यातून एकदा ते चालवून बघा. कागदावर उतरवलेले बोलणे सोयीचे असते; तरी मूळ आवाज टाकून देऊ नका. आणि दुसऱ्याचे सांगणे तिसऱ्याला सांगताना शेवटचा लहान शब्द गाळू नका. त्याच्यावाचून वाक्य अधिक नेटके दिसते, हाच त्यातला धोका आहे.

साहेबांच्या कॅसेटच्या पाठीवरचे दोन लहान प्लॅस्टिकचे तुकडे भाऊजींनी मोडून टाकले आहेत. ते मोडले की तिच्यावर दुसरे काही उमटवता येत नाही, फक्त ऐकता येते. मी ती अनेकदा ऐकवली आहे. त्या बोलण्याच्या खरेपणाची हमी मी देत नाही. पण त्यात ‘म्हणे’ कुठेही नाही, याची देतो.