लगतची शेजारीण

शवपेटीचा मागचा डावा कोपरा दोन बोटं खाली होता. यिक्केची नजर तिथून हटेना. खांदेकरी एरवी सहा असायचे, आज पाचच होते. मागे तिचा मुलगा वोब्बे एकटा, त्यामुळे दुसऱ्या बाजूला आधार नव्हता. सहावा गेल्या वर्षी बायकामुलांसह कॅनडाला गेला होता. रीतीप्रमाणे चर्चला तीन फेऱ्या घालायच्या होत्या. टेकाडावर समुद्राचा वारा झोंबत होता.

शेजारच्या बाउक्येला शेवटची आंघोळ यिक्केनेच घातली होती. माणूस गेलं की घरच्यांनी कशाला हात लावायचा नाही, सगळं लगतच्या शेजाऱ्याने करायचं. तिने घड्याळ थांबवलं, आरसा झाकला, वोब्बेला निरोप घेऊन दारोदार पाठवलं. यिक्केचा नवरा गेला तेव्हा बाउक्येने हेच केलं होतं.

वोब्बे वसंतात कॅनडाला जाणार हे गावाला ठाऊक होतं. त्याची म्हातारी आई मागे राहणार असं सगळे धरून चालले होते, बाउक्येचा नवरा गोस्सेसुद्धा. यिक्केने मात्र मुलाबरोबर जायला केव्हाच होकार दिला होता. शेजारी सांगायचं तेवढं राहिलं. आधी बाउक्येने अंथरूण धरलं, मग कुठल्या तोंडाने सांगणार? आज सकाळी वोब्बे म्हणाला होता, "आई, तू नाही सांगितलंस तर मी सांगेन."

पाद्रीबुवांनी डचमध्ये प्रार्थना म्हटली. बाउक्ये देवाशी तेवढी डच बोलायची, बाकी सगळ्यांशी गावच्या बोलीत, फ्रिशियनमध्ये.

नंतर गोस्सेच्या घरी कॉफी आणि साखरेचा पाव झाला. त्याने वोब्बेला चिडवलं, "तिकडे इंग्रजी अडलं तर गोठ्यात जाऊन बस. गाई आपल्याकडूनच गेल्यात, त्यांना तुझं फ्रिशियन कळेल." माणसं हसली. गोस्सेही हसला.

माणसं पांगू लागल्यावर तो यिक्केकडे वळला. "माझ्या वेळी मला तो निळा सदरा घाल. कपाटात वरच ठेवलाय. तुला शोधाशोध नको."

वोब्बेने कप खाली ठेवला. यिक्केने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"गोस्से, तो सदरा दुसऱ्या कुणाला तरी दाखवून ठेव," ती म्हणाली. "मीपण चाललेय."