पडद्याचं कापड

मामानं कापडाचा अख्खा ताका आईच्या शिलाई मशीनवर टाकला आणि शुक्रवारच्या नमाजाआधी पडदा शिवून हवा, असं फर्मान सोडलं. मामा आईचा धाकटा भाऊ, त्यात मशिदीच्या कमिटीचा सेक्रेटरी. विनंती करणं त्याला जमत नाही.

नवी मशीद नुकतीच उभी राहिली होती. घुमट नाही, जाड भिंती नाहीत. पोलादाच्या उंच कमानी आणि त्यांच्यामध्ये नुसती काच. बायकांच्या वरच्या सज्ज्यालाही पुढे काचच, म्हणजे खाली उभे राहिलेले इमामसाहेब सरळ दिसावेत. कमिटीतल्या काहींच्या नेमकं तिथेच पोटात दुखायला लागलं, म्हणून हा पडदा.

आईचा जन्म पडदे शिवण्यात गेला. जुन्या मशिदीतला जाडजूड पडदा तिनंच शिवलेला आणि त्याच्यामागे बसणारीही तीच. एकदा ऐन नमाजात स्पीकर बंद पडला. बायका कपाळ जमिनीला टेकवून पुढच्या आवाजाची वाट बघत राहिल्या. पुरुष नमाज आटोपून, चपला घालून घरी पोचले, तरी ह्या आपल्या तशाच. झाडूवाला आत आला तेव्हा कुठे उठल्या. ते ऐकून सगळे पोट धरून हसले. आईला मात्र ते फार लागलं होतं.

"झाकायचीच होती, तर काच लावली कशाला?" तिनं मामाला विचारलं.

"ताई, लोक बोलतात."

"बोलू देत. आयुष्यभर नुसतं ऐकलंय मी. आता मला बघायचंय."

मामा धुसफुसत निघून गेला आणि आई मशीनवर बसली. मी सुई ओवून दिली. हल्ली तिला ते जमत नाही. एवढं बोलून शेवटी शेपूट घातलंच हिनं, म्हणून मला संताप आला होता.

शुक्रवारी मामा शिडी घेऊन सज्ज्यावर हजर. आईनं गाठोडं सोडलं. आत पडदा नव्हताच. त्या कापडाच्या तिनं दुहेरी, गोट लावलेल्या जानमाजी शिवल्या होत्या. नमाजासाठी त्या तिनं काचेलगत ओळीनं अंथरल्या.

"ताई, हे पडद्याचं कापड होतं."

"आहे की. आता गुडघ्यांखाली राहील."

तेवढ्यात बायका यायला लागल्या आणि मामाला शिडी उचलून खाली जावं लागलं.

आई काचेला नाक लावून बघत होती. "इमामसाहेब कोणते गं?" तिनं हळूच विचारलं.

मी बोट दाखवलं. तिनं चष्मा पुसून परत लावला.

"दिसतात का?"

"दिसतील," ती म्हणाली आणि मधल्या जानमाजीवर ताठ उभी राहिली.

काचेवर तिच्या नाकाचा ठसा उमटला होता. पुसायला उचललेला हात मी खाली घेतला.