केझियाबाईंची चार जणांची बग्गी

मित्रांनो, जरा जवळ या. ही दोरी ओलांडू नका, पहारेकरी ओरडतो. पण कान इकडे करा. मी एक जुनी बग्गी आहे आणि माझी हकीकत मलाच सांगितली पाहिजे, कारण या संग्रहालयाचा पहारेकरी ती रोज चुकीची सांगतो. तो म्हणतो, "ही अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची बग्गी." अहो, राष्ट्राध्यक्ष माझ्यात बसले असतील मोजून चारदा, आणि तेही वर्तमानपत्रात डोकं खुपसून! मी होते त्यांच्या पत्नीची, केझियाबाईंची. हे नाव इतिहासाच्या पुस्तकात शोधू नका. गोष्ट माझी, म्हणून नावंही मी माझ्या पसंतीची ठेवली आहेत.

मला केझियाबाईंच्या वडिलांनी घडवलं. मॅसॅच्युसेट्समधल्या एका खेड्यात ते गाड्या बनवायचे. असाहेल त्यांचं नाव. लेकीच्या लग्नासाठी त्यांनी चांगलं मुरलेलं लाकूड राखून ठेवलं होतं. त्यातून त्यांनी माझ्या चाकांचे आरे तासले, चाकांभोवती लोखंडी धाव चढवली आणि आत समोरासमोर दोन बाकं बसवली.

केझिया तेव्हा जेमतेम विशीची होती. ती म्हणाली, "बाबा, आम्ही दोघंच तर आहोत. चार जणांची जागा कशाला?"

"दोघांनी घरात बसावं," असाहेल म्हणाले. "रस्त्यात कुणी चालत दिसलं तर काय त्याला हात हलवून दाखवणार आहेस?"

पुढे इंग्रजांशी लढाई पेटली. केझियाबाईंचे यजमान जोथम सैन्यात गेले. शेत, गाई, मुलं, सगळं बाईंच्या गळ्यात पडलं. आम्ही दोघी पिठाची पोती, चीजचे गोळे आणि लोकरीचे मोजे घेऊन छावणीवर जायचो आणि येताना जखमी शिपायांना घेऊन यायचो. एका शिपायाने कण्हत कण्हत विचारलं, "बाई, ही कुण्या सरदाराची गाडी हो?" बाई म्हणाल्या, "सुताराच्या लेकीची. नीट धरून बस, पुढे खड्डा आहे." त्या दिवशी मी अशी ऐटीत धावले की विचारू नका.

लढाई जिंकली. वर्षं गेली, जोथमसाहेब मोठे होत गेले आणि एके दिवशी राष्ट्राध्यक्ष झाले. आम्ही पोटोमॅक नदीकाठच्या नव्या राजधानीत आलो. राजधानी म्हणजे काय, चिखलात उभ्या केलेल्या पांढऱ्या इमारती!

आमच्या खेड्यात कुणी नवीन राहायला आलं की शेजारणी आधी जातात. गरम पाव फडक्यात गुंडाळून नेतात, चूल पेटली का विचारतात. त्यामुळे केझियाबाई आल्या दिवसापासून चुलीवर किटली ठेवून बसल्या. कुणी आलं नाही. झाडांची पानं गळाली, थंडी पडली, तरी दारावर एक थाप पडली नाही.

आमचा गाडीवान सायलस बाजारातून बातम्या आणायचा. तो खेड्यापासून बाईंबरोबर आलेला, त्यामुळे जिभेला लगाम नव्हता.

"बाई, गावात बोलतायत की तुम्हाला शिंगं फुटलीत."

"मला? अरे, वाट बघून बघून किटली काळी पडली माझी!"

"सिनेटरांच्या बायका म्हणतात, इतकी कसली घमेंड. आणि नवऱ्यांनाही इकडे फिरकू देत नाहीत."

हे मात्र वाईट होतं. नववर्षाच्या दिवशी राष्ट्राध्यक्षांच्या घराची दारं सगळ्यांना उघडी असायची. तो दिवस आता तोंडावर आला होता. त्याच आठवड्यात साहेब माझ्यात बसले आणि चक्क वर्तमानपत्र बाजूला ठेवलं.

"केझिया, त्या दिवशी दिवाणखाना रिकामा राहिला तर माझं कठीण आहे. ज्याच्या घरी कुणी येत नाही, त्याचं सिनेटमध्ये कोण ऐकणार?"

बाई म्हणाल्या, "तसं झालं तर मी गावी परत जाते. माझ्या पायी तुमचं हसं नको व्हायला."

"तू गेलीस तर मी इथे कुणाच्या तोंडाकडे बघू?" साहेब म्हणाले. मला फार गलबलून आलं. बाई कधी हार मानतील असं मला वाटलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाजारातून परतत होतो. वाटेत एक गाडी चिखलात रुतली होती. आत ताठ मानेने बसल्या होत्या लव्हिनिया कॅरदर्स. सिनेटरांच्या बायकांमध्ये त्यांचा शब्द शेवटचा.

"अहो बाई, या की इकडे," केझियाबाईंनी हाक मारली. "घरी सोडते तुम्हाला."

"नको, आभारी आहे. तुमच्या गाडीत बसले तर लोक म्हणतील, लव्हिनियाच आधी भेटायला गेली."

"मग? आधी कुणी यायचं असतं?"

"नव्याने आलेल्या माणसाने! सगळ्या जगाची रीत आहे ही. आम्ही कधीपासून तुमच्या वाटेकडे डोळे लावून बसलोय."

केझियाबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं बाई! आणि मी तुमच्या वाटेकडे! आमच्याकडे जुने शेजारी आधी येतात हो, पाव घेऊन."

लव्हिनियाबाईंना हसू फुटलं, पण त्यांनी ते गिळलं. "आता फार उशीर झाला. आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय. मी आधी आले तर माझं नाक कापलं जाईल. तुम्हीच या."

"मी कुणा एकीकडे आधी गेले, तर बाकीच्या रुसतील. आणि राष्ट्राध्यक्षांची बायको दारोदार फिरते असं छापून येईल, ते वेगळंच."

सायलसने दोर बांधून ती गाडी ओढून काढली. तोवर लव्हिनियाबाई आपल्या रुतलेल्या गाडीतच बसून राहिल्या, पण माझ्या पायरीला काही पाय लावला नाही.

सकाळी बाई स्वयंपाकघरातून हसतच बाहेर आल्या. हातात मोठी टोपली, तीत मक्याचे गरम पाव आणि सफरचंदाचा मुरंबा. गुडघ्यांवर घ्यायला लोकरीची पांघरुणं. मला त्यांनी थेट लव्हिनियाबाईंच्या दारात नेलं आणि आत बसूनच राहिल्या.

लव्हिनियाबाई दारात आल्या. "उतरा ना."

"छे! मी कुठे भेटायला आले? मी माझ्या घरात बसलेय. माझ्या बाबांनी बांधलेलं घर आहे हे, फक्त चाकांवर आहे. पाव गरम आहे. यायचं तर या."

आजूबाजूच्या सगळ्या खिडक्यांचे पडदे हलले. लव्हिनियाबाईंनी एक पाय माझ्या पायरीवर ठेवला आणि तिथेच थांबल्या. मित्रांनो, माझ्यातून पोती गेली, शिपाई गेले, पण त्या एका पावलाइतकं वजन मला कधी जाणवलं नव्हतं. मी श्वास रोखून धरला. पायरी जराही करकरू दिली नाही. आणि त्या चढल्या!

"मग आधी कोण आलं म्हणायचं?" तोंडात पाव असतानाच त्यांनी विचारलं.

"मी तुमच्या दारात आले, तुम्ही माझ्या घरात आलात. तुम्ही तुमच्या मैत्रिणींना हवं ते सांगा, मी माझ्या माणसांना सांगते."

लव्हिनियाबाई इतक्या हसल्या की मी हलायला लागले. मग त्याच म्हणाल्या, "सायलस, पुढच्या दारात घे. ती हॅरिएट पडद्याआडून बघून बघून तिरळी होईल." दिवसभर आम्ही दारोदार फिरलो. माझी बाकं रिकामी झालीच नाहीत. दोघी उतरायच्या, दोघी चढायच्या, आणि ज्या चढायच्या त्या सगळ्यांना वाटायचं की मान आपल्यालाच मिळाला.

नववर्षाचा दिवस उजाडला. दारं उघडायच्या आधीच पायरीवर लव्हिनिया कॅरदर्स उभ्या होत्या, मागे सिनेटर आणि त्यांच्या मागे गाड्यांची रांग. इतकी गर्दी की सायलसने मला ढकलत पार तबेल्यापर्यंत नेलं. तिथूनही मला लव्हिनियाबाईंचा खणखणीत आवाज ऐकू आला.

"नीट बघून ठेवा सगळ्यांनी! आज मी आधी आलेय, आणि पायी चालत आलेय. कुणाला काही म्हणायचंय?"

कुणालाही काही म्हणायचं नव्हतं. आत किटल्यांवर किटल्या उकळत होत्या. आम्ही जिंकलो होतो!

त्यानंतर मी म्हातारी झाले. गावी गोठ्यात पडून राहिले, कोंबड्यांनी माझ्यात अंडी घातली. मग कुणीतरी मला झाडून पुसून इथे आणलं. तक्रार नाही, रंग वेळेवर लागतो. पण मित्रांनो, तुमच्या शेजारी कुणी नवीन राहायला आलं असेल, तर मला बघत इथे फार वेळ उभे राहू नका. काहीतरी गरम हातात घ्या आणि आजच त्यांच्याकडे जा. आधी त्यांनी यायला हवं होतं असं मनात आलं, तरीही जा.