जमलेला नंबर

सातवं घर पाहून आलेल्या काकूंनी पर्स टेबलावर आपटली. गुडघे ठणकत होते, आणि नवरा, म्हणजे गणिताचे निवृत्त सर, निवांत कागदावर भागाकार करत होता.

"नाही जमत," सर म्हणाले.

सरांचं खूळ साऱ्या गल्लीला पाठ होतं. घराचा नंबर जमलेला हवा. आताच्या घराचा पंच्याऐंशी घ्या: आठ नि पाच तेरा. त्याचे मूळ अवयव पाच आणि सतरा. पाच, एक, सात, तेही तेराच. अशा घरात म्हणे डोकं चालतं. चालत असेल, पण काकूंचे पाय चालेनासे झाले होते. चौथा मजला, लिफ्ट नाही, आणि शिवलेले कपडे पोचवायला दिवसातून तीन फेऱ्या. डॉक्टरांनी जिना बंद करायला बजावलं होतं.

आजचं घर तळमजल्यावरचं होतं. मालकीण फक्त संध्याकाळपर्यंत थांबणार होती. नंबर पाचशे अठ्ठ्याऐंशी.

"अंकांची बेरीज एकवीस," सरांनी कागद पुढे केला. "अवयव दोन, तीन, सात. झाले बारा. विषय संपला."

"आग लागो तुमच्या अवयवांना!"

काकूंनी कापड बेतायचा खडू उचलला आणि बेतायच्या टेबलावरच भागाकार मांडला. चाळीस वर्षं हेच ऐकून दगडसुद्धा शिकला असता. दोन, पुन्हा दोन, तीन, सात, पुन्हा सात.

"जो दोनदा येतो तो दोनदा मोजायचा, हे पोरांच्या कानीकपाळी कोण ओरडत होतं? दोन नि दोन चार, चार नि तीन सात, वर दोन साती चौदा. एकवीस!"

वाण्याच्या पावतीतली चूक उभ्या उभ्या काढणारा हा माणूस इथे चुकेल? काकू खुर्चीत बसल्या.

"ठाऊक होतं तुम्हाला."

"तिथे माझा भिंतभर फळा मावत नाही गं," सर पुटपुटले. "सगळ्या भिंतींना खिडक्याच. तू परवा फोटो दाखवलेस ना."

काकूंना ओरडायचं होतं, पण रडूच आलं. "जन्मात आकड्यांच्या बाबतीत खोटं बोलला नाहीत. पहिल्यांदा बोललात, तेही माझ्या पायांच्या जिवावर उठून!"

सरांनी मान खाली घातली. ते बायकोच्या सुजलेल्या गुडघ्यांकडे बघत राहिले. मग उठून त्यांनी चपला पायात सरकवल्या.

"मालकीण किती वाजेपर्यंत आहे?" त्यांनी विचारलं.