सासू मुंगी, सून मुंगी

आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात एकोणीस वर्षं भाकऱ्या थापताना सरजाबाईंनी माणसांचे दोनच प्रकार पाहिले होते: विचारून ऐकणारी आणि विचारून पुढं चालू लागणारी. दयानंद सर दुसऱ्यातले निघाले.

सरजाबाईंची भाची महामाया नांदेडला मुंग्यांवर पीएचडी करत होती. किनवट तालुक्यातल्या मुंग्यांची तिची यादी बेचाळीसवर गेली होती. त्यातली एक नोंद तिचे मार्गदर्शक असलेल्या दयानंद सरांनी लाल पेनानं खोडली. "आकाराचा फरक आहे. एकाच वारुळात लहान-मोठ्या कामकरी असतात. या दोन जाती नाहीत, एकच."

ती खोडलेली नोंद आत्यानं सांगितलेली होती. म्हणून सरजाबाई दोन बाटल्या घेऊन सकाळच्या गाडीनं थेट प्रयोगशाळेत आल्या.

"सर, ही सासू, ही सून."

सर हसले. "कुणाची?"

"माझ्या स्वयंपाकघरातली. सासू तेलाला लागती, सून गुळाला. तेलाचा भात एका कोपऱ्यात ठिवला, गूळ दुसऱ्या. आपल्या पायानं ज्या आल्या त्या धरल्या. म्या काय मापून न्हाई धरल्या."

सरांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. मिशांचे सांधे दोन्हीकडं अकरा. पाठीवरचे काटे दोन्हीकडं दोन. सासूच्या बाटलीत मोठ्याही होत्या, बारक्याही. आणि बारक्या तर हुबेहूब सुनेसारख्या. "बघा. काही फरक नाही."

"तुमाला दिसत न्हाई म्हणा," सरजाबाई शांतपणे म्हणाल्या. "मुंगीला दिसतो."

महामायानं खाली मान घालून हसू दाबलं. मग म्हणाली, "सर, डीएनए करून बघू. दोन्ही बाटल्यांतल्या दहा-दहा. एकेक पाय पुरतो."

"करा. पण एकच निघाली तर ती ओळ कायमची गेली."

"गेली तर गेली," आत्या म्हणाल्या. मात्र स्टेशनावर भाचीचा हात धरून त्यांनी हळूच विचारलं, "माझ्यापायी तुझं काय अडंल का गं?"

"न्हाई आत्या. निघंल बरोबर."

नमुन्यांच्या फॉर्मवर महामायानं सवयीनं 'सासू १' ते 'सासू १०' असंच लिहिलं. पुण्याच्या प्रयोगशाळेतून फोन आला, या बाई जिवंत आहेत का म्हणून.

दीड महिन्यानं अहवाल आला. सासू आणि सून यांच्या डीएनएत साडेनऊ टक्के अंतर; प्रजाती सरळ दोन. सासूकडच्या मोठ्या-बारक्या मात्र एकाच घरच्या. म्हणजे सरांचं अर्धं बरोबर होतं, आणि ते त्यांनी तीनदा सांगितलं. मग त्यांनी स्वतः फोन लावला.

"सरजाबाई, वीसपैकी एकोणीस बरोबर. एक सासू मात्र तुमच्या सुनेच्या बाटलीत निघाली."

"असती हो घरोघरी एखादी," सरजाबाई म्हणाल्या. "सुनेच्या डब्यात तोंड घातल्याबिगर चैन पडत न्हाई."

सर आता मोकळे हसले. नंतर त्यांनी काटे पुन्हा मोजमापानं पाहिले. सासूचे टोकाशी किंचित आत वळलेले होते. बेचाळिसावी ओळ परत आली.

सरांनी पुन्हा फोन लावला. "माहिती देणाऱ्याचं नाव लागतं. काय लिहू?"

"सरजाबाई केरबा कांबळे," त्या म्हणाल्या. मग पीठ भरलेला हात पदराला पुसून, सरांना लिहायला वेळ मिळावा म्हणून, सावकाश पुन्हा सांगितलं. "आन् पुढं स्वयंपाकीण लिवा. न्हाईतर लोक म्हणतील, बाईला कसं कळलं."