आईच्या हाडांतलं शिसं

"वय झालं" हे दोन शब्द ज्याने शोधून काढले, त्याला एकदा गाठायचं आहे मला. आईचे हात थरथरतात? वय झालं. पोटात कळा येतात? वय झालं. मला माझ्या मेलेल्या मावशीच्या नावाने हाक मारते? वय झालं. दादाने तर वृद्धाश्रमात जागाही बघून ठेवली. विसराळू म्हाताऱ्यांसाठी तिथे वेगळा मजला आहे म्हणे.

"आणि ती रडली तर?" मी विचारलं.

"तिला कळतंय कुठे?" दादा म्हणाला. आई त्याच खोलीत, हाताच्या अंतरावर होती.

तीन महिन्यांपूर्वी न्हाणीघरात पडून तिचा खुबा मोडला आणि ती अंथरुणाला खिळली. पडायच्या आदल्या दिवशी तिने दादाला पत्त्यांत हरवलं होतं. तो चिडून उठून गेला होता. तीन महिन्यांत माणूस एवढं म्हातारं होतं का? विचारून विचारून माझ्या दातांच्या कण्या झाल्या.

शेवटी एका डॉक्टरबाईंनी विचारलं, "या कामाला कुठे होत्या?"

जाळ्यांच्या कारखान्यात. मासेमारीचं जाळं पाण्यात बुडावं म्हणून खालच्या दोरीला शिशाच्या गोळ्या लावतात. गोळीला चीर असते. चिरेत दोरी घालायची आणि गोळी दाबायची. पकडीने दाबायची खरी, पण पकडी हरवतात म्हणून मालकाने त्या कपाटात कुलूप लावून ठेवल्या होत्या. शिसं मऊ. बायका दातांनी दाबायच्या. आई चार गोळ्या गालात धरून काम करायची. तिचे दात सगळ्यांत पक्के, म्हणून नव्या मुलींना शिकायला तिच्या शेजारी बसवायचे. मलाही तिथेच बसवलं होतं.

रक्त तपासलं. त्यात शिसं निघालं, आणि थोडंथोडकं नाही.

"काम सोडून वीस वर्षं झाली की," दादा म्हणाला.

"रक्तातलं लवकर ओसरतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हाडांत आणि दातांत गेलेलं मुक्काम ठोकतं. वय वाढलं, बाईची पाळी गेली, की हाडं झिजतात आणि ते पुन्हा रक्तात उतरतं. त्यात या पडून आहेत. पडून राहिलं की हाडं आणखी भराभर झिजतात."

"म्हणजे वयच ना?"

"वयाने बाहेर काढलं. आत वयाने नाही घातलं. औषध देऊ, यांना उठवून चालवू. डोकं किती सुधारेल ते आज सांगता येत नाही. पण म्हातारचळ म्हणून सोडून देऊ नका."

मी तडक मालकाच्या घरी गेले.

"मी कुणाला चावा म्हटलं होतं?" तो म्हणाला. "आणि तेव्हा कुणाला माहीत होतं हे?"

शिसं वजन करून द्यायला हा यायचा तेव्हा याच्या हातांत मोजे असायचे. मी ते तोंडावर म्हटलं.

"हात काळे होतात म्हणून," तो म्हणाला. वर आणखी, "त्यांचं आता वयही झालंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याचे हात काळे होऊ नयेत, आणि माझ्या आईचं तोंड? असं काही तरी बोलून मी परतले. अजून बरंच बोलायला हवं होतं.

घरी येऊन सगळं सांगितलं, आईच्या खाटेशेजारी उभी राहून, चांगलं मोठ्याने. दादा जमिनीकडे बघत म्हणाला, "मग ती जागा ठेवायची की सोडायची? त्यांना कळवायला हवं."

आई डोळे उघडून माझ्याकडे बघत होती. मावशीचं नाव घेईल असं वाटलं.

"तू किती वर्षं बसलीस माझ्या शेजारी?" तिने विचारलं.

"बारा," मी म्हटलं.

"आणि पाळी गेली ना तुझी, गेल्या वर्षी?"

मी मान डोलावली. डॉक्टरबाईंपासून मालकापर्यंत दिवसभर आईच्या हाडांवरून भांडले, पण माझीही हाडंच आहेत हे काही मला सुचलं नव्हतं.

आईने दादाकडे मान वळवली.

"हिला उद्या डॉक्टरकडे ने," ती म्हणाली. "मला कुठे टाकायचं ते मग बघ."